सॅकमध्ये मावणारा गेमिंग लॅपटॉप निवडताना

दुकानात लॅपटॉपशेजारी लावलेल्या पाटीवर प्रोसेसरचं नाव असतं, ग्राफिक्स कार्डाचं नाव असतं, रॅम किती, पडदा किती इंचाचा, सगळं असतं. एक आकडा मात्र बहुतेक वेळा नसतो, आणि आकाराने छोटा गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्याने सगळ्यात आधी तोच विचारायला हवा. हा लॅपटॉप ग्राफिक्स चिपला जास्तीत जास्त किती वॅट देतो? याचं उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

असं का, ते एका उदाहरणावरून बघू. २०२३-२४ मध्ये चौदा इंची तीन लॅपटॉप बाजारात समोरासमोर होते: एचपीचा ओमेन ट्रान्सेंड १४, असूसचा आरओजी झेफायरस जी१४ आणि रेझरचा ब्लेड १४. तिन्हींत एनव्हिडियाची आरटीएक्स ४०७० लॅपटॉप चिप मिळत होती, तिन्हींत ग्राफिक्स मेमरी ८ जीबी. ओमेन या चिपला ६५ वॅटपर्यंत वीज देत असे, झेफायरस ९० वॅटपर्यंत आणि ब्लेड १४० वॅटपर्यंत. वजनं अनुक्रमे साधारण १.६३, १.५० आणि १.८४ किलो. पाटीवर एकच नाव, आत मात्र दुपटीहून जास्त फरक. आणि सगळ्यात हलका लॅपटॉप काही सगळ्यात कमी वीज देणारा नव्हता. वजन आणि ताकद यांचं नातं सरळ नसतं. कंपनीने आतली जागा कशावर खर्च केली, आवाज किती चालवून घेतला, यावर ते ठरतं.

चिपमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर येते. ९० वॅट घेणारी चिप म्हणजे ९० वॅटचा हीटर, आणि शेजारी प्रोसेसरचे तीस-चाळीस वॅट वेगळे. ही उष्णता तांब्याच्या नळ्यांतून किंवा व्हेपर चेंबरमधून कडेच्या जाळीपर्यंत न्यायची आणि पंख्याने बाहेर फेकायची. दीड सेंटिमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये पंख्याचं पातं किती उंच असणार आणि जाळी किती मोठी असणार, याला मर्यादा आहेत. त्यामुळे छोट्या लॅपटॉपमध्ये चिपच्या नावाइतकीच, किंबहुना जास्तच, सत्ता बाहेरच्या सांगाड्याची चालते.

छोट्या लॅपटॉपच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. वीज दुप्पट केली म्हणून फ्रेम दुप्पट होत नाहीत. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सुरुवातीचे वॅट फार कामाचे असतात आणि शेवटचे वॅट बरेचसे पंख्याच्या आवाजात जातात. आरटीएक्स ४०६० आणि ४०७० च्या लॅपटॉप चिपांत हे स्पष्ट दिसलं. ६५ वॅटवरून ९० वर गेलं की खेळ चांगलाच सुधारतो, पण साधारण १०० वॅटच्या पुढे जाऊन मिळणारी वाढ इतकी थोडी असते की आकडे बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते ८० ते १०० वॅट हा चौदा इंची लॅपटॉपचा खरा पट्टा आहे. त्याच्या बराच खाली असलेला लॅपटॉप महागडी चिप उपाशी ठेवतो. त्याच्या बराच वर जाणारा लॅपटॉप जड, जाड किंवा कर्कश होतो.

नावांचा हा गोंधळ जुना आहे. पूर्वी लॅपटॉपच्या चिपच्या नावापुढे ‘एम’ हे अक्षर लावलेलं असे, त्यामुळे ती डेस्कटॉपची नाही हे निदान कळायचं. २०१६ साली जीटीएक्स १० मालिकेबरोबर ते अक्षर गेलं. २०१७ मध्ये कमी विजेवर चालणाऱ्या चिपांना ‘मॅक्स-क्यू’ असं जोडनाव मिळालं आणि पातळ लॅपटॉप ओळखण्याची सोय झाली. २०२१ पासून तेही पाटीवरून नाहीसं झालं. आता उरलेत ते वॅट, आणि ते शोधावे लागतात. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलच्या तपशिलांत ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ असा उल्लेख असतो, कधी तळटिपेत. दुकानात लॅपटॉप चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्येही तो दिसतो. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्या, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपच्या दोन आवृत्त्यांत वॅट वेगळे असू शकतात.

डेस्कटॉपशी तुलना तर मनातून काढूनच टाका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ६१४४ कोअर आणि १२ जीबी मेमरी आहे. लॅपटॉपच्या ५०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. सर्वात वरच्या ५०९० मध्ये दरी आणखी रुंद आहे: डेस्कटॉपवर २१,७६० कोअर, लॅपटॉपवर १०,४९६. मित्राच्या घरच्या डेस्कटॉपवर एखादा खेळ बघून तसाच अनुभव त्याच नावाच्या लॅपटॉपवर मिळेल असं धरून चाललात तर निराशा ठरलेली.

यावरून निघणारा पहिला व्यवहारी सल्ला असा की, छोट्या लॅपटॉपमध्ये चिपची पायरी चढण्याआधी दोनदा विचार करा. पूर्ण वीज मिळणारी ४०६० आणि ६५ वॅटवर अडवलेली ४०७० यांच्या फ्रेम जवळपास एकाच पातळीवर येतात, मेमरी दोघींची ८ जीबीच, मात्र किमतीत मोठा फरक. आत्ताच्या ५० मालिकेतही ५०६० आणि ५०७० दोन्हींची मेमरी ८ जीबी आहे. मेमरीत खरी उडी पुढच्या पायरीला आहे, ५०७० टीआयमध्ये, तिथे ती १२ जीबी होते. म्हणून माझा कल एक तर ५०६० कडे, नाहीतर थेट ५०७० टीआयकडे आहे. मधल्या ५०७० साठी जास्तीचे पैसे मोजावेत असं कारण मला छोट्या लॅपटॉपमध्ये क्वचितच दिसतं. आणि ५०८०? २०२५ च्या झेफायरस जी१४ मध्ये ती मिळते. ही चिप मोठ्या लॅपटॉपमध्ये १५० वॅटच्याही वर जाते, चौदा इंची सांगाडा त्याच्या बराच अलीकडे थांबतो. तिची १६ जीबी मेमरी थ्रीडी रेंडरिंग किंवा लॅपटॉपवरच एआय मॉडेल चालवणाऱ्यांना खरोखर उपयोगी पडते. निव्वळ खेळण्यासाठी घेणाऱ्याने तेवढेच पैसे सोळा इंची लॅपटॉपमध्ये घातले तर जास्त ग्राफिक्स मिळेल.

मेमरीचा मुद्दा आकड्यापुरता समजू नका. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला ८ जीबी भरपूर झाली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’सारख्या खेळाला तर याहून साधी चिपही पुरते. पण २०२४ च्या शेवटी आलेला इंडियाना जोन्सवरचा खेळ रे ट्रेसिंगची सोय असलेलं आणि किमान ८ जीबी मेमरीचं कार्ड मागतो. म्हणजे जी मेमरी आज भरपूर वाटते, ती काही नव्या खेळांची किमान अट झाली आहे. मेमरी भरली की कधी कधी सरासरी फ्रेम फारशा पडत नाहीत, पण खेळ मध्येच अडखळतो, भिंतींवरची चित्रं धूसर राहतात. लॅपटॉप चार-पाच वर्षं वापरायचा असेल आणि मोठे, कथाप्रधान खेळ आवडत असतील तर ६ जीबीची ४०५० घेऊ नका. स्पर्धात्मक खेळच खेळायचे असतील तर ती चालेल, वाचलेल्या पैशात जास्त रॅमचं मॉडेल घ्या.

आता वजन. जाहिरातीतलं वजन नुसत्या लॅपटॉपचं असतं. खांद्यावर लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही येतात. पंधरा-सोळा इंची नेहमीचा गेमिंग लॅपटॉप साधारण २.३ ते २.५ किलोचा, त्याचा विटेएवढा चार्जर पाऊण किलोच्या आसपास. चौदा इंची लॅपटॉप दीड ते पावणेदोन किलो, चार्जर साधारण अर्धा किलो. फरक एक किलोच्या वर जातो, आणि त्यात वह्या, डबा, पाण्याची बाटली मिळवा. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून सॅक पुढे घेऊन उभं राहणाऱ्याला हा एक किलो रोज जाणवतो. आकारही तितकाच महत्त्वाचा. चौदा इंची लॅपटॉप साधारण ३१ सेंटिमीटर रुंद, सोळा इंची ३६ च्या आसपास. कॉलेजच्या खुर्चीला जोडलेल्या छोट्या फळीवर पहिला मावतो, दुसरा लोंबकळतो. विमानाने नेहमी ये-जा करत असाल तर केबिनमधल्या सामानाची ७ किलोची मर्यादा लक्षात घ्या. बॅटरीची चिंता करायचं कारण नाही. विमानात सहज चालणारी मर्यादा १०० वॅट-तासांची आहे आणि लॅपटॉप कंपन्या तिच्या आतच राहतात.

तरीही छोटा लॅपटॉप सगळ्यांनी घ्यावा असं मला वाटत नाही. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: हा लॅपटॉप आठवड्यातून किती वेळा घराबाहेर किंवा खोलीबाहेर जाणार? लातूरहून पुण्याला शिकायला आलेला मुलगा जर लॅपटॉप हॉस्टेलच्या टेबलावर ठेवून वापरणार असेल आणि दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेवढा घरी नेणार असेल, तर त्याने चौदा इंचीच्या मागे लागू नये. त्याच पैशात पंधरा-सोळा इंचीमध्ये चिप वरची मिळते, पंखे शांत राहतात, रॅम आणि एसएसडी पुढे वाढवता येतात, कीबोर्ड कमी तापतो. वर्षातून चार वेळा होणाऱ्या एसटीच्या प्रवासासाठी उरलेल्या तीनशेहून जास्त दिवसांची सोय गहाण टाकू नये. उलट रोज वर्गात, लायब्ररीत, ऑफिसात, ग्राहकाकडे लॅपटॉप न्यायचा आणि संध्याकाळी त्यावरच खेळायचं, अशी गरज असेल तर छोट्या लॅपटॉपसाठी मोजलेला प्रत्येक जास्तीचा रुपया वसूल होतो. जड लॅपटॉप दोन महिन्यांत घरीच राहू लागतो. मग वर्गात टिपणं मोबाइलवर आणि प्रोजेक्ट मित्राच्या मशीनवर, असं सुरू होतं.

पालकांसाठी इथे एक शब्द. आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन, मेकॅनिकल किंवा डेटा सायन्स शिकणाऱ्या मुलाला लागणारं यंत्र आणि गेमिंग लॅपटॉप यांत हार्डवेअरचा फारसा फरक उरलेला नाही. ब्लेंडर, प्रीमियर आणि एआयची बरीचशी साधनं एनव्हिडियाच्या चिपवर उत्तम चालतात, कारण ती कूडा या एनव्हिडियाच्याच प्रणालीचा फायदा घेतात. ‘गेमिंग’ हा शब्द ऐकून नाही म्हणण्याआधी अभ्यासक्रमात कोणती सॉफ्टवेअर आहेत ते विचारा. चौदा इंची गेमिंग लॅपटॉप अशा विद्यार्थ्यासाठी बहुधा सर्वात समंजस निवड ठरतो.

पडद्याच्या बाबतीत छोट्या लॅपटॉपच्या कंपन्या एक अडचण निर्माण करून ठेवतात. पडदा सुंदर, बारीक, ओएलईडी. झेफायरस आणि ओमेन दोन्हींत तो २८८० गुणिले १८०० बिंदूंचा. म्हणजे जवळपास ५२ लाख बिंदू, आणि १९२० गुणिले १२०० चे होतात २३ लाख. चिपला प्रत्येक फ्रेममागे सव्वादोनपट काम. ९० वॅटची ४०६० मूळ रिझोल्यूशनवर नवा मोठा खेळ ओढू शकत नाही. त्यावर उपाय आहे, तो म्हणजे डीएलएसएस: खेळ आतून कमी बिंदूंवर रंगवायचा आणि चिपच्या एआय भागाने तो मोठा करायचा. चौदा इंची पडद्यावर हा फरक डोळ्यांना फारसा खटकत नाही, कारण बिंदूच इतके दाट असतात. म्हणून छोट्या लॅपटॉपवर डीएलएसएस संकोच न करता वापरा. फ्रेम जनरेशनबद्दल मात्र सावध राहा. मधल्या फ्रेम कल्पनेने भरून आकडा वाढतो, पण मुळात ५०-६० फ्रेम मिळत नसतील तर माउस हलवल्यावर होणारा उशीर तसाच राहतो. जाहिरातीतल्या आलेखात ‘डीएलएसएस ४ सह’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं की तो आलेख तुलनेसाठी धरू नका.

ओएलईडीचे रंग आणि काळा रंग यांना तोड नाही, पण पडदा चकचकीत असतो. खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. दिवसभर कोड किंवा एक्सेल उघडं ठेवणाऱ्याला मॅट आयपीएस पडदा बरा. असूसच्या टफ ए१४ मध्ये तसा आहे, २५६० गुणिले १६०० आणि १६५ हर्ट्झचा. २०२४ च्या या लॅपटॉपचं वजन १.४६ किलो आणि ४०६० ला १०० वॅटपर्यंत वीज. झेफायरसइतका देखणा नाही, पण ग्राफिक्स आणि वजनाच्या हिशोबात त्याची बाजू फार भक्कम आहे.

मक्स स्विच आहे का, हेही विचारा. साध्या रचनेत मोठ्या चिपने रंगवलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून वळसा घेऊन पडद्यावर जाते. बॅटरी वाचते, काही फ्रेम जातात, आणि हे नुकसान जास्त फ्रेमवर चालणाऱ्या स्पर्धात्मक खेळांत जास्त जाणवतं. मक्स स्विच हा वळसा बंद करतो. एनव्हिडियाचं अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमस हेच काम लॅपटॉप पुन्हा सुरू न करता करतं.

बॅटरीबद्दल सरळ हिशोब पुरे. ७३ वॅट-तासांची बॅटरी, लिहिण्या-वाचण्याच्या कामात लॅपटॉप साधारण १० वॅट घेतो, म्हणजे सात तास. खेळताना ७० वॅट घेतले तर एक तास. शिवाय बॅटरीवर असताना ग्राफिक्सची वीज बरीच खाली येते, त्यामुळे फ्रेमही पडतात. प्रवासात खेळण्यासाठी गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्याने हा एक तास डोळ्यांसमोर ठेवावा. प्रोसेसर निवडताना नावाच्या शेवटी ‘एचएक्स’ असलेल्या इंटेलच्या चिपा टाळा. त्या डेस्कटॉपच्या घराण्यातल्या, मोठ्या लॅपटॉपसाठी बनवलेल्या, आणि रिकाम्या बसल्या तरी जास्त वीज घेणाऱ्या. एएमडीच्या नव्या मालिकेत मात्र हीच अक्षरं पातळ लॅपटॉपच्या चिपांवरही आहेत, टफ ए१४ मधल्या रायझन एआय ९ एचएक्स ३७० सारखी. त्यामुळे तिथे अक्षरांवरून ठरवू नका, बॅटरीच्या चाचण्या बघा.

यूएसबी-सी वरून चार्ज होण्याची सोय ही चौदा इंची लॅपटॉपची मोठी जमेची बाजू आहे. दिवसा १०० वॅटचा मुठीएवढा चार्जर सॅकमध्ये, मोठा चार्जर घरी टेबलापाशी कायम जोडलेला. फोन, इअरफोन, लॅपटॉप सगळं एकाच चार्जरवर भागतं. ओमेन ट्रान्सेंड १४ चा तर मूळ चार्जरच १४० वॅटचा यूएसबी-सी आहे. मात्र १०० वॅटवर लॅपटॉप पूर्ण ताकदीने खेळणार नाही, हे गृहीत धरा.

यापुढचा मुद्दा परदेशी परीक्षणांत सापडत नाही, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने त्याचा विचार केल्याशिवाय छोटा लॅपटॉप घेऊ नये. परीक्षणं साधारण २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. लॅपटॉपमधली उष्णता बाहेर जाण्याचा वेग चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतो. ग्राफिक्स चिप ८७ अंशांच्या आसपास स्वतःला आवरते असं धरलं, तर २२ अंशांच्या खोलीत फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पंखा लावलेल्या खोलीत ४० अंश असतील तर फरक उरतो ४७. म्हणजे तीच जाळी आणि तेच पंखे पूर्वीइतकी उष्णता फेकू शकत नाहीत. क्षमता जवळपास पाव भागाने कमी होते. जाड लॅपटॉपला ही तूट सोसते, कारण त्याच्याकडे शिल्लक असते. पातळ लॅपटॉप आधीच काठावर चालत असतो.

म्हणून विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एसीशिवाय खेळणाऱ्यांनी छोट्या लॅपटॉपमध्ये चिप एक पायरी खालचीच निवडावी. ५०६० घ्या आणि ती ७०-८० वॅटच्या मोडवर चालवा. एकट्याने खेळायच्या खेळात फ्रेम ६० वर बांधून ठेवा. या एका सेटिंगने चिपची वीज, पंख्याचा आवाज आणि कीबोर्डची ऊब तिन्ही खाली येतात, आणि डोळ्यांना काही कमी पडत नाही. खेळताना लॅपटॉप गादीवर कधीही ठेवू नका. हवा खालच्या भोकांतून आत जाते आणि गादी ती बुजवते. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर वर उचलणारा साधा स्टँड महागड्या कूलिंग पॅडपेक्षा फारसा कमी काम करत नाही. पातळ लॅपटॉपच्या जाळीची पाती फार जवळजवळ असतात, त्यांत कापसाची तुसं आणि धूळ अडकते. वर्षातून एकदा ती साफ करून घ्या, रस्त्यालगतच्या घरात राहत असाल तर दोनदा.

रॅमच्या बाबतीत पश्चात्तापाला जागा नसते. बहुतेक चौदा इंची लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ३२ जीबी परवडत असेल तर तीच घ्या. चिपची पायरी आणि रॅम यांत निवड करावी लागली तर मी आज रॅम निवडेन. एसएसडी बहुधा बदलता येते, तिथे पैसे वाचवले तरी चालतं. सर्व्हिसबद्दल गावाच्या अंतराने विचार करा. घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी तुमच्या पिनकोडवर लागू आहे का, हे लेखी विचारा. मोठ्या शहरात लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेता येतो, रत्नागिरी किंवा गडचिरोलीत राहणाऱ्याला ती सोय नसते, आणि अशा लॅपटॉपमध्ये जवळजवळ सगळं एकाच बोर्डावर असल्याने गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याच्या हाती फारसं काही राहत नाही.

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवावा का? अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो, त्यामुळे मोह होतो. मात्र वॉरंटी भारतात चालेल का, हे त्या मॉडेलपुरतं तपासा. बऱ्याचदा ती खरेदीच्या देशापुरतीच असते. शिकायला जर्मनीला निघालेल्यांनी उलटा विचार करावा: तिथे घेतलेल्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर झेड आणि वाय यांच्या जागा बदललेल्या असतात, आणि इथून नेलेल्याची वॉरंटी तिथे चालेलच असं नाही. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, फक्त पिन बदलावी लागते.

दोन पर्याय वेगळ्या वाटेचे आहेत. पहिला, स्वतंत्र ग्राफिक्स चिप नसलेला. जानेवारी २०२५ मध्ये एएमडीने रायझन एआय मॅक्स+ ३९५ हा प्रोसेसर जाहीर केला, त्याच्यातच ४० कॉम्प्युट युनिटचं ग्राफिक्स आहे आणि ते लॅपटॉपच्या ४०६० च्या आसपास पोहोचतं. रॅम आणि ग्राफिक्स मेमरी एकच, त्यामुळे ८ जीबीची भिंत नाही. असूसचा आरओजी फ्लो झेड१३ त्यावर चालतो. किंमत भारी आहे आणि कूडाची सोय नाही, म्हणून विद्यार्थ्याला मी तो सुचवणार नाही, पण मोठी एआय मॉडेलं चालवणाऱ्या आणि सतत फिरणाऱ्या माणसाला तो शोभेल. दुसरा पर्याय, हलका साधा लॅपटॉप आणि घरी डेस्कटॉप. प्रवासात खेळायचंच नसेल तर या जोडीइतकं ग्राफिक्स तेवढ्या पैशात कोणताही छोटा लॅपटॉप देत नाही. घरी टेबलाला जागा असलेल्या नोकरदाराने आधी हाच हिशोब मांडावा.

खरेदी ठरली की त्या मॉडेलची निदान दोन स्वतंत्र परीक्षणं वाचा किंवा बघा. नोटबुकचेकसारखी संकेतस्थळं खेळताना चिपला प्रत्यक्ष मिळणारे वॅट, पंख्याचा आवाज डेसिबलमध्ये आणि कीबोर्डचं तापमान मोजून देतात. जॅरड्स टेक हे यूट्यूब चॅनेल एकाच चिपचे वेगवेगळे लॅपटॉप शेजारी ठेवून दाखवतं. ५० डेसिबलच्या आसपासचा आवाज म्हणजे हॉस्टेलमधल्या रूममेटची झोप मोडणारा, हे ध्यानात असू द्या.

ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा. अनेक ठिकाणी बदलून देण्याची मुदत जेमतेम आठवडाभराची असते, तेव्हा चाचणी पहिल्या दोन दिवसांतच उरका. विंडोजचे आणि ग्राफिक्सचे अपडेट आधी पूर्ण होऊ द्या. मग चार्जर लावून, सर्वात वेगवान मोडवर, तुमच्याकडचा सर्वात जड खेळ अर्धा तास चालवा. एनव्हिडिया अ‍ॅप असताना आल्ट आणि आर ही बटणं एकत्र दाबली की फ्रेम, तापमान आणि चिप घेत असलेले वॅट पडद्याच्या कोपऱ्यात दिसतात. पाचव्या मिनिटाचे आणि तिसाव्या मिनिटाचे आकडे लिहून ठेवा. फ्रेम थोड्या उतरणं स्वाभाविक आहे. पण वॅट कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नसतील, किंवा अर्ध्या तासात फ्रेम पाचव्या हिश्श्याने घसरल्या असतील, तर मोड आणि मक्स स्विचची सेटिंग एकदा तपासा, पुन्हा चालवून बघा, आणि तरीही तेच दिसलं तर त्या आकड्यांचा फोटो काढून त्याच दिवशी बदलीची मागणी नोंदवा.